वडिलांनी ब्रेक दाबला होता

दिवाळीनंतरच्या संकष्टीला माझे आईवडील मोटारसायकलवरून केळझरच्या गणपतीला निघाले. पवनारहून केळझर वडिलांच्या वेगाने पाऊण तास. सेलू मागे पडल्यावर त्यांची एक ठरलेली चहाची टपरी आहे. टपरीसमोर रस्त्याला थोडा उतार आहे. वडिलांनी नेहमीप्रमाणे गाडी डावीकडे घेतली, पण ती टपरीसमोर थांबली नाही. पुढे जाऊन टपरीच्या लाकडी बाकावर आदळली. बाकावर बसलेला माणूस वेळेत उठला होता. बाकाचा एक पाय मोडला, गाडीच्या हेडलाइटची काच फुटली, आईचा कोपर सोलवटला, वडिलांच्या गुडघ्याला मार लागला. मागच्या चाकाचा पायातला ब्रेक लागला होता, म्हणून नुकसान एवढ्यावरच थांबलं.

वडील उठून उभे राहिले आणि म्हणाले, "म्या ब्रेक दाबला होता. लागलाच नाई."

सेलूत माझ्या चुलत भावाचं खतांचं दुकान आहे. दहा-पंधरा मिनिटांत तो तिथे पोहोचला. त्याने गाडी उभी केली, सीटवर बसला, उजव्या मुठीतला ब्रेकचा लिव्हर दोन-तीनदा पटापट दाबला आणि म्हणाला, "कडक हाये ना काका. मस्त लागून राह्यला."

हे मला दुपारी वर्ध्याच्या कार्यालयात फोनवर कळलं. मी जिल्ह्याच्या बातम्या लिहितो. घटना कळली की पाहणारे कोण, हे मी आधी विचारतो. चुलत भावाने लिव्हर तपासला होता. त्याने फोन टपरीवाल्याच्या हातात दिला. टपरीवाला म्हणाला, "काकाजी सरळ आले नं सरळ बाकावर. थांबलेच नाई." दोन माणसं, दोघंही तटस्थ. वडिलांनी सत्तरी ओलांडली होती. दोन वर्षांपूर्वी त्यांचं उजवं मनगट मोडलं होतं आणि थंडीत सकाळी बोटं अजूनही आखडायची. बाकीचा निष्कर्ष काढायला फार वेळ लागला नाही.

संध्याकाळी मी पवनारला घरी गेलो. आईच्या कोपरावर पट्टी होती. तिने मला स्वयंपाकघरात बोलावलं.

"मी मांगं बसली होती," ती म्हणाली. "हे ब्रेक दाबते तवा त्याईचा उजवा खांदा जरासा पुढं जाते. माहा हात खांद्यावरच राह्यते. त्या वक्ती बी गेला होता."

"आई, तू त्याईच्याच बाजूनं बोलशीन."

"मंग कोनाच्या बाजूनं बोलू?"

चाळीस वर्षं त्याच माणसाच्या मागे बसणाऱ्या बाईची साक्ष मी बाजूला ठेवली, कारण ती त्याची बायको होती. जेवण झाल्यावर मी वडिलांना सांगितलं की आता गाडी पुरे. त्यांनी विचारलं, "कायमची?" मी हो म्हणालो. त्यांनी खिळ्यावरची चाबी काढून माझ्या हातात दिली. दुसऱ्या दिवशी मी ती कार्यालयात नेली आणि माझ्या टेबलाच्या खणात टाकली. हेडलाइटची काच मी बदलून घेतली. गाडी गोठ्याशेजारच्या छपरात ट्रॅक्टरजवळ उभी राहिली.

आमचं शेत धाम नदीच्या पलीकडे, घरापासून दोन किलोमीटरवर आहे. वडील पायी जाऊ लागले. केळझरला दोघंही एसटीने जाऊन आले. तक्रार त्यांनी केली नाही. मात्र दोन-तीन आठवड्यांनी आईने फोनवर एक गोष्ट सांगितली. ओलितानंतर वडील विहिरीवरची मोटर बंद करून निघत, अर्ध्या वाटेवर थांबत आणि मोटर बंद केली का हे पाहायला परत जात. एकदा ते नदीच्या पुलापर्यंत येऊन माघारी गेले होते. मोटर बंदच होती. मग ते गोठ्याची कडी दोनदा पाहू लागले. सकाळची गोळी घेतली की कॅलेंडरवर पेनाने टिंब करू लागले. तोंडपाठ असलेला चुलत भावाचा नंबर सांगताना मध्येच थांबून म्हणत, "थांब, वहीत पाहून सांगतो."

आम्ही भावंडं फोनवर यावर बोललो. सगळ्यांचं मत पडलं की गाडी वेळेवर काढून घेतली.

पौषात माझ्या ओळखीच्या एका माणसाला जुनी मोटारसायकल हवी होती. मी वडिलांना विचारलं. ते म्हणाले, "तुमाले जसं वाटन तसं." रविवारी मी खणातली चाबी घेऊन गेलो, गाडी पुसली आणि वर्ध्याला दाखवायला निघालो. छपरातून रस्त्यावर येईपर्यंत मी फक्त पायातला ब्रेक वापरला होता. पवनारच्या बसथांब्यापाशी माझ्या पुढे चाललेली एसटी थांबली. मी उजव्या हाताने लिव्हर दाबला. तो काही अडथळा न येता आत आला आणि मुठीला टेकला. पुढच्या चाकावर काहीच परिणाम झाला नाही. पायातला ब्रेक आणि रस्त्याच्या कडेची माती, एवढ्यावर गाडी थांबली. एसटीचं मागचं चाक माझ्या गुडघ्यापासून हातभर होतं.

मी तिथेच बसून लिव्हर पुन्हा दाबला. दुसऱ्या वेळी तो अर्ध्यावर अडला. तिसऱ्या वेळी कडक झाला. पाच मिनिटं थांबून पुन्हा पहिल्यापासून दाबला. पहिला दाब मुठीपर्यंत, दुसरा अर्धा, तिसरा कडक. असं मी चार वेळा केलं आणि खिशातल्या वहीत लिहून ठेवलं. चुलत भावाने टपरीसमोर लिव्हर पटापट दोन-तीनदा दाबला होता. त्याला जे लागलं ते खरं होतं. फक्त रस्त्यावर कोणी ब्रेक तीनदा दाबत नाही.

थांब्यापासून जवळच एका मिस्त्रीचं टिनाचं दुकान आहे. माणूस पन्नाशीचा, आधी नागपूरला काम केलेला. मी गाडी ढकलत नेली. त्याने लिव्हर एकदाच दाबला, सोडला आणि माझ्याकडे पाहिलं.

"भाऊ, हे गाडी तुमी चालवून आनली?"

"थांब्यापर्यंत."

"हिंमत हाये बाप्पा तुमची. हवा घुसली याच्यात. काढा लागन. गाडी कोनाची?"

"वडलाची."

"मंग त्याईले बोलवा. याले दोन मानसं लागते. मी खाली नट खोलतो, दुसऱ्यानं वर लिव्हर दाबाचा."

"मी दाबतो ना."

"तुमी नोको. ज्याची गाडी त्याचा हात, माह्या इथं असंच हाये. ज्याले चालवाची हाये त्याच्या हाताले समजलं पायजे, ब्रेक आला म्हंजे काय."

गाडी विकायला काढली आहे, हे मी त्याला सांगितलं नाही. घरी फोन केला. वडील वीस मिनिटांत चालत आले. काय करायचं आहे ते मिस्त्रीने सांगितलं तेव्हा त्यांनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं.

"माह्या हातात जोर नाई राह्यला मिस्त्री. घरचे म्हनते."

"घरच्याईनं कधी ब्रेकची हवा काढली का, काकाजी? बसा सीटवर."

मिस्त्रीने हँडल असं वळवलं की लिव्हरजवळची ब्रेक ऑइलची चौकोनी डबी सपाट राहिली. तिच्या झाकणाचे दोन स्क्रू काढले. झाकणाखाली रबराची एक पातळ वाटी असते. ती त्याने बाहेर काढली, पुन्हा तिच्या जागी बसवून पाहिली. ती बसेना. कडा फुगून बाहेर आल्या होत्या. त्याने वाटी कागदावर ठेवली. डबी नव्या ब्रेक ऑइलने भरली आणि पुढच्या चाकाशी जाऊन बसला. तिथल्या छोट्या नटाला पारदर्शक नळी लावली आणि नळीचं दुसरं टोक बाटलीत बुडवलं.

कामाची रीत साधी आहे. लिव्हर दाबला की ऑइल ढकललं जातं आणि त्या जोराने ब्रेक चाकाला पकडतो. ऑइलमध्ये हवा असली तर जोर ती हवा दाबण्यातच संपतो, चाकापर्यंत पोहोचत नाही. म्हणून वरच्या माणसाने लिव्हर दाबून धरायचा, खालच्याने नट किंचित खोलायचा, हवा आणि ऑइल नळीतून बाहेर येऊ द्यायचं, नट बंद करायचा आणि मगच लिव्हर सोडायचा. नट उघडा असताना लिव्हर सुटला तर बाहेरची हवा पुन्हा आत ओढली जाते आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं.

"दाबा. दाबा. दाबा. आता धरा."

वडिलांनी धरलं. मिस्त्रीने पाना फिरवला. नळीत फेस आला. लिव्हर हळूहळू मुठीपर्यंत खाली गेला.

"सोडू नोका."

पाना उलटा फिरला.

"सोडा."

दहाव्या-बाराव्या डावापर्यंत फेस येत होता. नंतर सुटे बुडबुडे, नंतर बऱ्याच वेळाने एखादा. जुनं ऑइल मळकट तपकिरी होतं. मध्येच मिस्त्री नळीवर पान्याने टकटक करी, डबीत ऑइल ओती, की पुन्हा दाबा, धरा, सोडा. मी मोजत होतो. चौतीस डाव झाले. वडिलांचा हात एकदाही आधी सुटला नाही. मधूनमधून ते फक्त डाव्या हाताने मनगट चोळून घेत.

"भाऊ," मिस्त्री मला म्हणाला, "याईच्या हातात जोर नाई कोन म्हने?"

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

आता लिव्हर पहिल्याच दाबाला कडक लागत होता. मला वाटलं काम झालं. मिस्त्री उठला, हात पुसले आणि म्हणाला, "काकाजी, दाबून धरा. ताकदीनं. मी सांगीन तोवर सोडाचं नाई."

वडिलांनी धरलं. मिस्त्री वाकून लिव्हर आणि मूठ यांच्यातली फट पाहत राहिला. मीही पाहिलं. फट दोन बोटांची होती. थोड्या वेळाने ती दीड बोटाची झाली, मग एका बोटाची. वडिलांनी जोर वाढवला नव्हता. लिव्हर आपोआप आत बसत चालला होता.

"हवा तं निंघाली," मिस्त्री म्हणाला. "हे दुसरंच हाये. आतलं रबर गेलं."

त्याने एका ग्लासात पाणी घेतलं आणि बाटलीतलं थोडं जुनं ऑइल त्यात ओतलं. काडीने ढवळून ग्लास उजेडात धरला. बरंचसं पाण्यात मिसळून गेलं. वर मात्र पिवळट तेलाचा थर तरंगत राहिला.

"पाह्यलं? ब्रेक ऑइल पान्यात विरघयते. हे वर तरंगून राह्यलं. हे ट्रॅक्टरच्या डब्यातलं तेल हाये. त्याच्यानंच थे वाटी फुगली, त्याच्यानंच आतलं रबर सडलं. असं तेल याच्यात टाकतच नाई. कोनं टाकलं?"

"म्याच टाकलं असन," वडील म्हणाले. "मले आजकाल आठोत नाई."

आमच्या घरी दसऱ्याला गाड्यांची पूजा असते. त्याचा एक नियम आजोबांपासून चालत आला आहे. त्या दिवशी कुठल्याही गाडीत काही अर्धवट ठेवायचं नाही. डिझेल, पेट्रोल, इंजिनचं तेल, बॅटरीचं पाणी, सगळं काठोकाठ भरायचं, मगच आई ताट घेऊन येते. त्या दसऱ्याला सकाळपासून ट्रॅक्टर, दोन मोटारसायकली आणि फवारणीचा पंप मीच धुतले होते. ट्रॅक्टरच्या मागची अवजारं उचलणाऱ्या लिफ्टमध्ये तेल घालून झालं होतं आणि डबा हातात होता. वडिलांच्या गाडीच्या त्या छोट्या डबीला बाजूला काचेचा डोळा असतो. त्यात पातळी कमी दिसत होती. ब्रेक जसजसा झिजतो तशी ती थोडी उतरतेच, त्यात काही बिघडलेलं नसतं, हे मला आता माहीत आहे. आई ताट घेऊन अंगणात उभी होती. मी दोन स्क्रू काढले, टोपणभर तेल ओतलं आणि झाकण लावलं. डबीत कोणतं ऑइल घालायचं, हे झाकणावरच कोरलेलं होतं. मी त्यावरची धूळ पुसली, हळदीकुंकू लावलं. ती अक्षरं वाचली नाहीत.

दसऱ्यापासून संकष्टीपर्यंत महिना-सव्वा महिना. तेवढ्यात रबर सडलं.

वडिलांच्या वाक्यानंतर मी लगेच बोललो नाही. मिस्त्रीने ग्लासातलं पाणी दाराबाहेर फेकलं आणि परत आला, तेवढा वेळ.

"बाबानं नाई टाकलं," मी म्हणालो. "म्या टाकलं. दसऱ्याले. ट्रॅक्टरच्या डब्यातलं."

मिस्त्रीने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "तुमी थे पेपरवाले ना?"

"हो."

"मंग बराबर हाये."

वडील अजून सीटवर तसेच बसले होते. लिव्हर पूर्ण आत, मुठीला टेकलेला, आणि बोटं त्यावर घट्ट. धरा म्हणून सांगितल्यापासून त्यांना कोणी सोडायला सांगितलं नव्हतं.

"मिस्त्री," ते म्हणाले, "सोडू का?"

"अरे सोडा, सोडा काकाजी. इसरलोच मी."

त्यांनी हात काढला, बोटं उघडून मिटली. मी काहीतरी बोलेन म्हणून मिस्त्री उगाच पाने गोळा करत राहिला. वडीलच बोलले. आवाज नेहमीचा होता.

"मंग मोटर बी म्या बंदच केली असन ना दर खेपेले?"

"बंदच होती बाबा. आई सांगत होती. दर खेपेले बंदच होती."

"अन् गोळी?"

"गोळी बी घेतली होती."

त्यांनी मान हलवली. मग मिस्त्रीला विचारलं, रबर कुठे मिळेल आणि किती दिवस लागतील.

सामान दोन दिवसांनी वर्ध्याहून मी आणलं. लिव्हरजवळचं आणि चाकाजवळचं, दोन्हीकडचं सगळं रबर बदललं, मधली नळी बदलली. मिस्त्रीने प्रत्येक भाग धुऊन वाळवला आणि सगळं पुन्हा भरलं. हवा पुन्हा काढावी लागली. या वेळी त्याने वडिलांना निरोप द्यायलाही सांगितलं नाही. ते स्वतःच आले होते. शेवटी त्याने सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापली, लिव्हर मुठीशी आवळून बांधला आणि गाडी सकाळपर्यंत तशीच ठेवली. उरलासुरला बारीक बुडबुडा रात्रीतून वर चढून डबीत निघून जातो, असं त्याचं म्हणणं. सकाळी पट्टी सोडली. वडिलांनी लिव्हर एकदा दाबला आणि धरून ठेवला. मिस्त्रीने दोन बोटं फटीत घातली आणि तशीच राहू दिली. फट दोन बोटांचीच राहिली.

चाबी माझ्याकडे होती. मी ती वडिलांना दिली. ज्याला गाडी हवी होती त्याला दुसरी बघ म्हणून सांगितलं.

छापलेली चूक निघाली तर दुरुस्ती छापावी लागते, आणि ती त्याच वाचकांपर्यंत जावी लागते. वडिलांबद्दल मी ज्यांना ज्यांना सांगितलं होतं, त्यांना फोन केले. भावंडांना सांगितलं. चुलत भावाला सांगितलं तेव्हा तो आधी म्हणाला, "पन म्या सोता दाबून पाह्यला होता ना." मी विचारलं, किती वेळा. तो म्हणाला, "काकाले सांगजो, मी येतो म्हना घरी." तो आला. येताना त्याने वडिलांसाठी हातमोजे आणले. वडिलांनी ते आजवर घातलेले नाहीत. आईला वेगळं सांगावं लागलं नाही. तिने फक्त विचारलं, "खांद्याचं आतातरी पटलं का?"

टपरीवाला राहिला होता. पुढच्या संकष्टीला आईवडील केळझरला निघाले तेव्हा मी माझ्या गाडीवर मागे होतो. सेलू मागे पडलं. उतारावर वडिलांच्या गाडीचा मागचा लाल दिवा लागला आणि आईचा हात ज्या खांद्यावर होता तो किंचित पुढे झाला. इतक्या वर्षांत मी ते पहिल्यांदाच पाहत होतो. बाकाला नवा पाय बसवलेला होता, रंग वेगळा. बाकावर टपरीवाला स्वतः ग्लास घेऊन बसला होता. वडिलांची गाडी येताना पाहून तो अर्धा उठला.

"काकाजी, उठू का बसू?"

गाडी बाकापासून वीतभर अंतरावर थांबली होती.

"बस," वडील म्हणाले. "लागते आता."

मग मी उतरलो आणि टपरीवाल्याला दसऱ्यापासून सगळं सांगितलं. त्याने चहा गाळता गाळता ऐकलं. वडील बाकाच्या नव्या पायाच्या बाजूला बसले होते. त्यांनी मध्ये एकदाच मला थांबवलं. मी म्हणालो होतो की टोपणभर तेल होतं.

"टोपनभर नाई," ते म्हणाले. "दोन टोपनं. दसऱ्याले म्या खिडकीतून पाह्यलं होतं. आता आठोलं."